ओठ वैनीचे, तोंड गावाचं

...आणि वर मलाच विचारतात, "वृषभ, वैनीचे ओठ कुठं गेले रं?" आता कुठं गेले म्हंजे? संकेश्वरच्या बाजाराला गेलेत काय, दुपारच्या बसनं परत यायला? तोंडावरच हायत की! जन्मल्यापासून जिथं होते तिथंच! मधी चार वर्षं जरा भरल्यागत दिसत होते, आता परत पहिल्यासारखे झालेत, एवढीच गोष्ट. पण न्हाय. आमच्या गल्लीत कुणाची म्हैस आटली तरी चार दिवस बोलायला पुरतं लोकास्नी, आणि हितं तर हायस्कूलची पी.टी. मॅडम... तुम्हाला सांगतो, ओठ तिचे, आणि तोंड फुटलंय गावाला!

आता तुम्ही म्हणशीला, दिरानं वैनीच्या ओठांवर बोलावं काय? नये. मलाबी कळतंय. पण वैनीनंच सांगितलंय मला. म्हणली, "वृषभ, गावात चौदा गोष्टी फिरायल्यात. त्यापरास खरी काय ती तूच सांग, नाहीतरी तुला गप्प बसवत न्हाय." म्हणून सांगतो. नाहीतर मी कशाला...

तर आमची वैनी म्हंजे पद्मावती. आमचा थोरला भाऊ कुंथुनाथ, खताच्या दुकानाचा, त्याची बायको. पण निपाणीत तिला कुणी कुंथुअण्णाची बायको म्हणत न्हाय, अण्णालाच पी.टी. मॅडमचा नवरा म्हणतात, आणि अण्णाला त्याचं काय वाटतंय हे कुणाला म्हाईत न्हाय, कारण अण्णा बोलतच न्हाय. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडं आणि ओरडायचं वैनीकडं. अकरा वर्षं, पंधरा ऑगस्ट म्हणू नका, सव्वीस जानेवारी म्हणू नका, तालुक्याच्या ग्राउंडवर परेडची ऑर्डर वैनीच देते. माइक नको, काय नको. शिट्टी एक, आणि मग "परेड... सावधान!" म्हणली की पोरं तर सोडाच, कंपाउंडच्या बाहेर भेळवाला सुदीक ताठ उभा ऱ्हातोय.

चार वर्षांमागं मे महिन्याच्या सुट्टीत ती गेली एका मोठ्या शहरात आणि ओठ भरून आली. औषध टोचून फुगवतात ते न्हवे, ते चार-सहा महिन्यांत उतरतंय म्हणं. हे पक्कं काम. ओठाच्या आत सिलिकॉनच्या दोन मऊ पट्ट्या, एक वर, एक खाली, पेन्सिलीपेक्षा बारीक. झालं! गावात एकच प्रश्न, का? का म्हंजे का? कुणी म्हणलं नवऱ्याचं लक्ष नसंल, कुणी म्हणलं सिरियलीत काम मिळालंय. आमच्या आईनं तर सरळ विचारलं, "पद्मा, देवानं दिलेलं काय वाईट होतं गं?" तर वैनी शांतपणे म्हणली, "वाईट न्हवतं आत्ती. खेळाडू होते तवापासनं वीस वर्षं उन्हात उभी ऱ्हाऊन वाळलंवतं. मला जरा भरीव पाहिजे होते, म्हणून केले." विषय संपला. आणि खोटं कशाला बोलू, बरे दिसत होते.

बरं चाललंवतं. पण गेल्या जूनमधी थ्रोबॉलची प्रॅक्टिस चालू असताना एक बॉल आला तो थेट वैनीच्या तोंडावर. रक्त आलं, सूज आली, सूज गेली, पण वरची पट्टी सरकली ती सरकली. एका बाजूला गोळा, एका बाजूला खड्डा, आणि हळूहळू भोवतीचं मांस असं कडक झालं की वरचा ओठ खालच्याला नीट टेकंना. आता ओठ टेकले न्हाईत तर काय होतंय? तुम्ही म्हणून बघा. ओठ न मिटता "प" म्हणा. न्हवं? निघत न्हाय! प न्हाय, फ न्हाय, ब न्हाय, म न्हाय. सगळ्याचा ह! गॅसवाल्याला फोन केला, नाव काय म्हणला, वैनी म्हणली "हद्हावती". त्यानं सिलिंडर हनुमंतीच्या नावावर लावला, आणि ती हनुमंती दोन गल्ल्या सोडून खरंच ऱ्हायला होती!

इथवर आम्ही हसलो. वैनीबी हसली. पण पंधरा ऑगस्टला हसायचं संपलं. ग्राउंड भरलेलं, पाहुणे मांडवात बसलेले, वैनीनं शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली तर एका कडेनं नुसती हवा, फुस्स. मग ऑर्डर दिली... "हरेड!" पहिल्या रांगेतली पोरं ताठ झाली, दुसऱ्या रांगेतली एकमेकांकडं बघायला लागली, आणि मांडवात कुणीतरी हसलं. एक हसलं की काय होतंय तुम्हाला म्हाईतच हाय. वैनीनं परेड पुरी केली, एक ऑर्डर सोडली न्हाय. घरी आली, शिट्टी गळ्यातली काढून खिळ्याला अडकवली आणि म्हणली, "दिवाळी झाली की काढून टाकते."

आता लोकांनी गप्प बसावं का न्हाय? कुणी म्हणलं, "बघा, आम्ही सांगत होतो!" कुणी म्हणलं, "ऱ्हाऊ द्या हो मॅडम, आता सवय झालीय आमाला." तुमाला? तुमच्या तोंडात हाय काय ते? ओठ तिचे, आणि तोंड फुटलंय गावाला!

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला गेलतो. अण्णा मागं बसला, वैनी पुढं, गाडी चालवायला मी. कॅम्पात डॉक्टर तेजस्वी म्हणून हायत, खानापूरकडच्या, तिशी-पस्तिशीच्या, चेहऱ्याचंच काम करतात. त्यांनी वैनीचा ओठ चिमटीत धरून बघितला आणि काय लपवलं न्हाय. म्हणल्या, पट्टी निघंल, त्यात अवघड न्हाय. पण भोवती चिवट आवरण झालंय, तेबी सोडवायला लागंल. ओठ आधी सुजतील, मग पहिल्यापेक्षाबी बारीक दिसतील, कातडी ताणली होती ती चुण्या पडल्यागत होईल. आवाज, शिट्टी... सहा आठवडे तरी बघायला लागतील. वैनीनं विचारलं, "सव्वीस जानेवारीला येईल?" डॉक्टरीणबाई म्हणल्या, "येईल वाटतंय. पण सही करून देणार न्हाय."

"चालंल," वैनी म्हणली, आणि उठून आत गेली.

नुसती ओठापुरती भूल, तोंडाच्या आतनं कोपऱ्यात चार बारीक छेद. वैनी जागीच होती. पाऊण तास. बाहेर अण्णा एकच पेपर वाचत बसलावता आणि तो कन्नड पेपर उलटा होता, मी सांगितलं न्हाय. वैनी बाहेर आली तर तोंडाच्या जागी बनपाव! डॉक्टरीणबाईंनी त्या काढलेल्या पट्ट्या एका बाटलीत दाखवल्या, पाहिजेत काय म्हणून विचारलं. वैनीनं बाटली उजेडात धरली, लई वेळ बघितलं, आणि मान हलवून परत दिली. नंतर मला सांगितलं तिनं, "वृषभ, एवढीशी वस्तू रं. मला वाटलं बघून राग येईल. उलट वाईट वाटलं. हौसेनं आणलीवती मी."

मग निघताना सूचना! गरम न्हाय, तिखट न्हाय, स्ट्रॉ न्हाय, तोंड मोठं उघडायचं न्हाय, दहा दिवस बोलायचं न्हाय, आणि सगळ्यात मोठं म्हंजे, "नगब्याड्री," म्हणल्या. हसायचं न्हाय, टाके ताणतात. आणि मग माझ्याकडं वळून, "तुम्ही माताडब्याड्री!" मी बोलायचं न्हाय! आता मला सांगा, ऑपरेशन कुणाचं? पण डॉक्टरीणबाईंचं खरं होतं. परतीच्या वाटेवर यमकनमर्डीजवळ मी एवढंच म्हणलो की अण्णा, तुझा पेपर उलटा होता, तर वैनीच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, खांदे हलायला लागले, दोन्ही हातांनी गाल दाबून धरले तिनं, आणि बोलायच्या बदली घेतलेल्या पाटीवर लिहिलं, "वृषभ, गप. टाके." पंचाहत्तर किलोमीटर! तुम्हाला सांगतो, हायवे एवढा लांब हाय हे मला त्या दिवशी कळलं.

घरात आल्यावर पुढचा प्रश्न, खायचं काय? डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंवतं, उकडलेला बटाटा कुस्करून. आई म्हणली, "बटाटा? आपल्यात?" गाजराचं सूप. "गाजर? जमिनीतलं?" दर तीन तासांनी थोडं थोडं, झोपायच्या आधी दूध. "दिवस मावळल्यावर?" मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, म्हणलो, मॅडम, आमी जैन, आमच्यात सूर्य मावळला की तोंड बंद. त्या म्हणल्या, "तोंड बंदच पाहिजे मला. गोळ्या सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी मावळायच्या आत घ्या. बाकी मुगाचं पाणी, भाताची पेज, गार करून." आईला त्या बाई तवापासून पटल्या. दहा दिवस आमच्या घरात पेज. वैनीला एकटीला कशाला वेगळं म्हणून सगळ्यास्नी पेज! माझ्या तोंडाला काय झालंवतं?

आणि मग चूक झाली. चूक आईची, पण तिखटमीठ माझं, कबूल करतो. शेजारच्या अंबुबाईनं खिडकीतनं वैनीचं सुजलेलं तोंड बघितलं आणि विचारलं, काय झालं गं. आईच्या तोंडातनं गेलं, "गांधीलमाशी चावली." मी लगेच जोड दिली, शाळेच्या टाकीखाली मोठं पोळं हाय, तिथंच. बस्स! तासाभरात कोण चुना घेऊन आलं, कोण कांदा घेऊन आलं, आमच्या घरात कांदा! आणि अंबुबाईचा भरमू, चांगला दोन पोरांचा बाप, तो म्हणला मॅडमना चावली म्हंजे काय, आणि गेला धूर घेऊन टाकीकडं. पोळं खरंच होतं हो तिथं! मला काय म्हाईत? मी आपलं अंदाजानं ठोकून दिलतं! संध्याकाळी भरमूचं तोंड वैनीच्या दुप्पट.

वैनीला हे कळलं तशी ती अंथरुणावरनं उठली. पाटीवर मला एकच शब्द लिहून दाखवला, तो इथं सांगत न्हाय. मग तिनं शाळेतनं आणलेला पांढरा बोर्ड काढला, फाटकाला बांधला आणि सुबक अक्षरात लिहिलं: "गांधीलमाशी चावलेली नाही. माझ्या ओठांत पट्ट्या होत्या. मी बसवल्या होत्या, मीच काढल्या. तब्येत बरी आहे. पद्मावती, पी.टी. टीचर." आणि खाली तेच कन्नडात, म्हंजे कुणी सुटायला नको. मग बर्फाची पिशवी घेऊन स्वतः भरमूच्या घरी गेली. दोघं सुजकी तोंडं समोरासमोर बसून गालाला बर्फ लावायलीत आणि दोघांनाबी हसायचं न्हाय... ते दृश्य मी बघितलंय.

मी म्हणलो, "वैनी, बोर्ड कशाला? लोकांनी वाचून काय म्हणावं?" तिनं पाटीवर लिहिलं, "म्हणू दे. निदान खऱ्यावर म्हणतील." आणि तुम्हाला सांगतो, बोर्ड लागला आणि निम्मं गाव गप्प झालं. विचारायला काही उरलंच न्हाय! उरलेलं निम्मं बोलत ऱ्हायलं, त्याला इलाज न्हाय, ओठ तिचे, आणि तोंड फुटलंय गावाला.

दहा दिवसांनी बोलायला मोकळीक मिळाली. सूज उतरली. तिसऱ्या आठवड्यात मी परसात पाणी तापवायला गेलतो तर वैनी पायरीवर बसलीवती, हातात छोटा आरसा, गळ्यात शिट्टी. ओठ खरंच बारीक झालते, वरच्याला उभ्या चुण्या, आत हाताला लागतील अशा गाठी. तिनं माझ्यासमोर शिट्टी फुंकली. फुस्स. परत फुंकली. फुस्स. मग म्हणली, "ओठ कसे दिसतात त्याचं मला काय न्हाय वृषभ. भरले तेवाबी मीच होते, वाळले तेवाबी मीच होते. पण ऑर्डर गेली तर ग्राउंडवर मी कोण?" आणि तिच्या तोंडातनं "मी" बी "ही"च्या जवळपास आलं.

मी, हा वृषभ, ज्याला गप्प बसवत न्हाय, मी चुलीत लाकूड सारत बसलो. काय बोलणार? सगळं चांगलं होईल म्हणणार? डॉक्टरीणबाईंनी सही दिली न्हवती, मी कुठनं देऊ?

मागं आई कवा येऊन उभी ऱ्हायली कळलं न्हाय. हातात जपमाळ. वैनीशेजारी पायरीवर बसली आणि म्हणली, "नाव सांग तुझं."

"आत्ती, न्हाय येत ते."

"लग्नात मी ठेवलेलं नाव हाय. तुला सोडायचं असंल तर मला विचारून सोड. म्हण. नुसता प."

वैनीनं बोटानं वरचा ओठ खाली दाबला, डॉक्टरांनी दाखवलंवतं तसा, आणि म्हणली. ह आला. आईनं एक मणी सरकवला. परत म्हणली. मणी. परत. एकशे आठ! रोज सकाळी एकशे आठ प, आणि दिवस मावळायच्या आत बोटानं मालिश. मी आईला म्हणलो, अगं माळ णमोकार मंत्राची ना? तर म्हणली, "मोजायचं काम माळेचं. काय मोजायचं ते माझं मी बघीन." घरभर प! पापड, पपई, परात, पायपुसणं, अण्णा दुकानात गिऱ्हाइकानं पोटॅश मागितलं की आधी दोनदा प प करायला लागला. पौष निम्मा गेला तवा एका सकाळी मी दाढी करत होतो आणि परसातनं कुणीतरी म्हणलं, "पद्मावती." स्वच्छ. हळू, पण स्वच्छ. आईनं पुढचा मणी धरला.

आता हळू बोलणं येगळं आणि ग्राउंडवर येगळं. हेडमास्तरांनी खबरदारी म्हणून दुसऱ्या शाळेतले नागेंद्र सर बोलावून ठेवले होते. भला माणूस. वैनीला म्हणला, "मॅडम, मी नुसता कडेला उभा ऱ्हातो, माझ्याकडं बघूबी नका." सव्वीस जानेवारीला अण्णानं दुकान बंद ठेवलं. मी, आई, अण्णा, तिघं दोरीच्या कडेला. वैनी पांढऱ्या ट्रॅकसूटमधी मधोमध. थंडी कडक, आणि मला तिचे ओठ दिसायलेत, लांबनंबी दिसायलेत, म्हंजे दिसतच न्हवते, नुसती रेघ. तिनं शिट्टी लावली. पहिली फुंक अर्धी गेली. मागं कुणीतरी घसा खाकरला, हसायची तयारी अशी ओळखू येतेय बघा. वैनीनं शिट्टी काढली, जिभेनं ओठ ओले केले, घाई न्हाय, काय न्हाय, परत लावली... आणि वाजली! कानात दडे बसले अशी वाजली! आणि मग,

"परेड!"

अवो, तो प! फटाक्याची माळ न्हवे, सुतळी बॉम्ब! "सावधान!" म्हणायच्या आत सातशे पोरं ताठ, मांडवातले पाहुणे ताठ, नागेंद्र सर ताठ, फेटा बांधलेला भरमू ताठ, आमचा अण्णा दोन्ही हात मांड्यांना लावून ताठ आणि डोळे पुसायचे हायत पण सावधान असताना हलायचं कसं, म्हणून तसाच! आईनं माळेची मूठ छातीशी धरलीवती. मी? मी काय करणार, मीबी ताठ.

कार्यक्रम सुटल्यावर सगळे कौतुक करायलेत, तेवढ्यात अंबुबाई पुढं आली, वैनीची हनुवटी धरून निरखून बघितलं आणि म्हणली, "सगळं झालं गं बाई, पण ओठ दिसतच न्हाईत की तुझे."

वैनी म्हणली, "दिसू देत न्हायतर ऱ्हाऊ देत, अंबुबाई. ऐकू आलं न्हवं?"

आता ह्यावर काय बोलणार? पण बोलायलेत. अजून बोलायलेत. आधी बरे होते म्हणणारे वेगळे, आता बरे हायत म्हणणारे वेगळे, आणि माझी चहाची टपरी हाय, तिथंच दोघांची भांडणं. ओठ तिचे, आणि तोंड फुटलंय गावाला, आता ते मिटायचं न्हाय, मी नाद सोडलाय.

मी म्हणलो चला, सुटलो. तर काल दुपारी आई माझ्याजवळ आली, इकडंतिकडं बघितलं, आणि डोक्यावरचा पदर मागं सारला. चाळीस वर्षं आमची आई कानावरनं पदर काढत न्हाय, आम्हाला वाटायचं केवढी मर्यादा! तर कानाच्या दोन्ही पाळ्या चिरलेल्या, खालपर्यंत, जड कर्णफुलांनी. म्हणली, "वृषभ, त्या कॅम्पातल्या बाई हे शिवतात काय रं? पद्मा म्हणली शिवतात. मला माझी कर्णफुलं परत घालायची हायत." मी म्हणलो, "आई, देवानं दिलेलं..." तर म्हणली, "ते तू मला शिकवू नगंस. गाडी काढ."

ओठ झाले, आता कान. घरात राहता राहिलं नाक. ते माझं, आणि ते मुठीत धरून मी परवा परत बेळगावला निघालोय.